दोन हजारची रेघ

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठी बीकन नावाचं छोटं गाव आहे. 1950 च्या दशकात तिथे 'द टेक्सस कंपनी' या तेलकंपनीची संशोधनशाळा होती. (टेक्साको हे नाव कंपनीने 1959 मध्ये घेतलं.) या शाळेत रॉबर्ट आयशेन्स, विल्यम प्लिस्किन आणि एस. ए. फ्रान्सिस ही माणसं एका अशा प्रश्नाच्या मागे लागली होती, की कंपनीच्या भागधारकांना तो सांगितला असता तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू धातूवर बसतो, तो नेमका कुठे आणि कसा बसतो?

प्रश्न वाटतो तितका रिकामटेकडा नव्हता. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन लोखंडावरून किंवा कोबाल्टवरून नेले की त्यातून पेट्रोल-डिझेलसारखं इंधन मिळतं, हे जर्मनांनी 1920 च्या दशकातच दाखवलं होतं आणि दुसऱ्या महायुद्धात वापरलंही होतं. पण धातूवर मधल्या मध्ये काय घडतं, ते कुणाला दिसत नव्हतं. वायू आत जातो, माल बाहेर येतो, बाकी सगळा अंधार. कार्बन मोनॉक्साइडला धातूची ओढ मुळातच दांडगी. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, त्याचं कारण हीच ओढ. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहाला जाऊन चिकटतो आणि ऑक्सिजनला जागाच ठेवत नाही.

त्याआधी या प्रांतात अधिकारवाणीने बोलणारा माणूस म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचा अर्व्हिंग लँगम्युअर. वायूचे रेणू धातूवर बसतात ते बहुधा एकाच थरात, आणि या थरातूनच रासायनिक क्रिया घडते, हे त्याने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मांडलं. 1932 चं नोबेल त्याला पृष्ठभागांच्या रसायनासाठीच मिळालं. पण लँगम्युअरच्या पद्धतीने कळायचं ते एवढंच, की किती रेणू बसले आणि ते किती घट्ट बसले. म्हणजे सभागृहाच्या दारात उभं राहून तिकिटं मोजावीत तसं. आत कोण कुठल्या खुर्चीवर आहे, ते दारातून कळत नाही.

आत डोकावण्याची एक वाट होती. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातला बंध स्प्रिंगसारखा लांब-आखूड होत राहतो. मोकळ्या रेणूत हे कंपन सेकंदाला सुमारे 64 लाख कोटी वेळा होतं, आणि नेमक्या त्याच लयीचा अवरक्त प्रकाश रेणू गिळतो. एवढे मोठे आकडे रोज कोण उच्चारणार? म्हणून वर्णपटवाले एका सेंटिमीटरात त्या प्रकाशाच्या किती लाटा मावतात ते सांगतात. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचा हा आकडा 2143. रेणू कशाला तरी चिकटला की बंध सैल किंवा ताठ होतो आणि आकडा सरकतो. सरकलेला आकडा वाचायचा आणि रेणू कुठे बसला असेल ते ओळखायचं, असा हा बेत.

अडचण प्रमाणाची होती. प्लॅटिनमच्या एका चौरस सेंटिमीटरवर साधारण पंधरा कोटी कोटी अणू उघडे असतात. आकडा डोळे दिपवणारा आहे खरा, पण एक घनसेंटिमीटर हवेत याच्या सुमारे सोळा हजारपट रेणू असतात. एका थरातले रेणू एवढे थोडे, की त्यांनी गिळलेला प्रकाश त्या काळच्या यंत्राला जाणवणंही मुश्कील. आणि धातूचा तुकडा जाड घेतला तर प्रकाश आरपार जाणार तरी कसा? लेनिनग्राडमध्ये तेरेनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940 च्या दशकात सच्छिद्र काचेवर बसलेल्या रेणूंचे अवरक्त वर्णपट घेतले होते. पण काच पारदर्शक आणि छिद्रांमुळे पृष्ठभाग अफाट. धातूचं काय करायचं?

बीकनच्या मंडळींनी धातूचा भुगाच केला, आणि तोही एकट्याचा नाही. त्यांनी सिलिकाची अतिबारीक भुकटी घेतली. ती इतकी बारीक, की तिच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग दोनशे चौरस मीटरच्या घरात जातो. तिच्या कणांवर त्यांनी निकेल, प्लॅटिनम, पॅलेडियम किंवा तांब्याचे सूक्ष्म कण बसवले. सिलिकाचे कण अवरक्त लाटेपेक्षा खूप लहान असल्याने प्रकाश फारसा विखुरत नाही, आणि धातूचा एकूण पृष्ठभाग एवढा वाढतो की कार्बन मोनॉक्साइडची रेघ कागदावर स्पष्ट उमटते. एक तोटा मात्र होता. साधारण 1300 च्या खाली सिलिका स्वतःच सगळा प्रकाश पिऊन टाकते. म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचं कंपन दिसत होतं. पण धातू आणि कार्बन यांच्यातलं कंपन, जे खरं तर बसण्याच्या जागेबद्दल थेट साक्ष देऊ शकलं असतं, ते या पडद्याआड राहिलं. पुढच्या चाळीस वर्षांच्या वादाचं बीज मला इथेच दिसतं. साक्षीदार दोन होते आणि त्यातल्या एकाचीच जबानी घेता आली.

1954 मध्ये त्यांचा लेख 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स'मध्ये आला. तांब्यावर 2100 च्या वर एकच पट्टा. प्लॅटिनमवर 2070 च्या आसपास ठसठशीत पट्टा आणि बराच खाली एक फिकट. पॅलेडियमवर उलट, खालचा पट्टा जोरदार. निकेलवर दोन्ही. या खुणांचा अर्थ लावायला आयशेन्सनी शेजारच्या घरातला कोश उघडला. हा कोश म्हणजे धातू-कार्बोनिल संयुगं. 1890 मध्ये लुडविग माँडने शोधलेल्या निकेल कार्बोनिलमध्ये मधल्या एका निकेल अणूला चार कार्बन मोनॉक्साइड सरळ टोचलेले असतात, आणि त्यांचं कंपन 2000 च्या वर पडतं. लोखंडाच्या एका कार्बोनिलमध्ये दोन लोहअणूंच्या मध्ये काही कार्बन मोनॉक्साइड पुलासारखे बसलेले असतात, आणि त्यांचं कंपन 1830 च्या आसपास, म्हणजे चांगलंच खाली. मग धातूच्या पृष्ठभागावरही तेच मानायला काय हरकत आहे? 2000 च्या वरचा रेणू एका अणूच्या माथ्यावर ताठ उभा, आणि खालचा रेणू दोन अणूंवर पूल बांधून बसलेला.

शाळेत शिकवता येईल इतका सुटसुटीत नियम. दोन हजारवर एक रेघ ओढायची, वर माथा, खाली पूल. तो पसरला यात नवल नाही. उत्प्रेरकावर काम करणाऱ्याला आता धातूच्या एका चिमटीवर कार्बन मोनॉक्साइड सोडून तिथे कशा प्रकारच्या जागा आहेत ते विचारता येऊ लागलं. हॉलंडमध्ये व्होल्फगांग साख्टलर आणि योशिए सोमा-नोटो यांनी 1974 मध्ये पॅलेडियममध्ये चांदी मिसळत नेली, तसा पुलाचा पट्टा ओसरत गेला आणि माथ्याचा वाढला. चांदी कार्बन मोनॉक्साइडला जवळजवळ विचारतच नाही. ती मध्ये मध्ये घुसल्यावर पॅलेडियमचे दोन अणू शेजारी-शेजारी सापडेनात, म्हणून पूल बांधायला जागाच उरली नाही. तेलशुद्धीकरणातल्या मिश्रधातूंचा विचार करणाऱ्यांच्या हाती हा चांगलाच मोलाचा पुरावा आला. आपल्याकडेही हे तंत्र आलं. 1990 च्या दशकात ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या रसायनशास्त्रज्ञांनी रुथेनियमच्या उत्प्रेरकावर कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड कसे बसतात, ते अवरक्त वर्णपटानेच पाहिलं. त्या लेखांवर पुढे सौरघटांमुळे नाव झालेल्या मिखाएल ग्रेत्सेल यांचंही नाव आहे.

रेघेला पहिला धक्का 1964 मध्ये बसला. आर्कान्सा विद्यापीठातले जॉर्ज ब्लायहोल्डर म्हणाले, की 2000 च्या खालचा पट्टा पाहून लगेच पूल कशाला बांधता? रेणू आणि धातू यांच्यात देवघेव होते. कार्बनच्या टोकाकडचे इलेक्ट्रॉन रेणू धातूला देतो, आणि धातू आपले इलेक्ट्रॉन परत करतो, पण ते रेणूच्या अशा कक्षेत जातात की कार्बन-ऑक्सिजनचा बंधच ढिला पडतो. परतफेड जितकी सढळ, तितका आकडा खाली. धातूच्या कोपऱ्यावरचा, शेजारी कमी असलेला अणू परतफेड अधिक सढळ करतो. मग त्याच्या माथ्यावर ताठ उभा राहिलेला रेणूही खालच्या आकड्यावर दिसू शकेल. थोडक्यात, आकडा बंधाची अवस्था सांगतो, पत्ता सांगत नाही.

गंमत अशी की ब्लायहोल्डरच्या लेखामुळे दोन वेगळ्याच गोष्टी घडल्या. त्याचं देवघेवीचं चित्र सगळ्यांनी स्वीकारलं. आजही विद्यार्थी ते पाठ करतात. पण त्यातून निघणारा इशारा बहुतेकांनी बाजूला ठेवला. उलट त्याच चित्राने रेघेला नवं बळ दिलं, कारण दोन-तीन अणूंवर बसलेल्या रेणूला परतफेड दोन-तीन बाजूंनी मिळणार, म्हणून आकडा आणखी खाली, असं छान पटवता येऊ लागलं.

दुसरी गुंतागुंत बीकनमधूनच निघाली. धातूवर रेणूंची गर्दी वाढली की पट्टा वर सरकतो, हे आयशेन्सच्या गटाला पहिल्यापासून दिसत होतं. का? जागा बदलत असतील, की बंध? 1965 मध्ये हॅमेकर, फ्रान्सिस आणि आयशेन्स यांनी जड कार्बनचा, म्हणजे कार्बन-13 चा, कार्बन मोनॉक्साइड मिसळून पाहिला. रसायनाच्या दृष्टीने तो जुळा भाऊच, पण वजनामुळे त्याचं कंपन 50 च्या आसपास खाली पडतं. तंबोऱ्याची एक तार छेडली की तिच्या सुरात लागलेली शेजारची तारही आपोआप घुमते. तिचा सूर उतरवून ठेवला की घुमत नाही. इथेही तसंच. शेजारी बसलेले सारख्या वजनाचे रेणू एकमेकांच्या विद्युतक्षेत्रातून एका लयीत बांधले जातात आणि सगळ्यांचा मिळून सूर चढतो. मध्ये जड रेणू मिसळले की साथ तुटते आणि सूर उतरतो. म्हणजे आकड्यातला काही भाग त्या रेणूचा स्वतःचा नव्हेच, तो शेजाऱ्यांचा.

आता खरी गोची भुकटीची होती. सिलिकावरच्या धातूच्या कणाला कडा असतात, कोपरे असतात, वेगवेगळ्या कोनांत कापलेले पैलू असतात. कोणता पट्टा कुठल्या पैलूचा, ते कोण सांगणार? हवा होता एकच सपाट पृष्ठभाग, एकाच स्फटिकाचा, अणूंची रांगोळी आधीच माहीत असलेला. आणि तो स्वच्छही हवा. वातावरणाच्या एक अब्जांश दाबालाही पृष्ठभागावर सेकंदाभरात अख्खा थर चढतो, त्यामुळे प्रयोगाला तासभर हवा असेल तर त्याच्याही हजारपट, दहा हजारपट विरळ निर्वात लागते. 1950 नंतर तसे दाब मोजणारी साधनं आली आणि पोलादी निर्वात पात्रं प्रयोगशाळांत दिसू लागली. पण मग पुन्हा तीच पंधरा कोटी कोटींची अडचण. सपाट तुकड्यावर रेणू मूठभर, आणि प्रकाश आरपार जाण्याचा प्रश्नच नाही. परावर्तित प्रकाशात खळगा शोधायचा, तोही एखाद्या टक्क्याचा.

यावरचं गणित 1966 मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकीच्या रॉबर्ट ग्रीनलर यांनी मांडलं. धातूचे मोकळे इलेक्ट्रॉन पृष्ठभागाला समांतर असलेलं विद्युतक्षेत्र पुसून टाकतात. पृष्ठभागाला काटकोनात असलेलं मात्र टिकतं, उलट बळावतं. त्यामुळे समोरून टाकलेला प्रकाश वाया जातो. तो जवळजवळ घासून जाईल असा टाकायला हवा, लंबापासून 88 अंशांच्या आसपास, म्हणजे पृष्ठभागाशी जेमतेम दोन अंश. शिवाय प्रकाशाचं क्षेत्र उभं असायला हवं. असं केलं की समोरून टाकलेल्या प्रकाशाच्या कित्येक पट संकेत मिळतो. याच हिशेबातून एक नियमही पडतो. उभं डोलणारा रेणू दिसतो, आडवा डोलणारा दिसत नाही. कारण आडव्याचं धातूतलं प्रतिबिंब त्याला खोडून काढतं. 1976 मध्ये पियर्स आणि नॉर्मन शेपर्ड यांनी नॉरिचमध्ये दाखवलं, की हा नियम सिलिकावरच्या धातूकणांनाही लागू पडतो. मग इथिलीनसारख्या रेणूंचे जुने वर्णपट पुन्हा वाचावे लागले.

ग्रीनलर हा मोठा मजेचा माणूस. इंद्रधनुष्यात तांबड्याच्या बाहेरही एक न दिसणारा अवरक्त पट्टा असणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने खास फिल्म वापरून त्याचं छायाचित्रच काढलं आणि 1971 मध्ये ते 'सायन्स'मध्ये छापून आणलं. आभाळ तोच बघत होता आणि धातूही तोच. मला वाटतं, तिरप्या प्रकाशाची कला त्याला आभाळानेच शिकवली असावी. पण हा माझा तर्क.

ग्रीनलरच्या गणिताचं पीक ब्रिटनमध्ये निघालं. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉन प्रिचर्ड यांनी तांब्याच्या एकेका स्फटिकावर कार्बन मोनॉक्साइड पाहिला. 1976 मध्ये शिगेइशी आणि डेव्हिड किंग यांनी प्लॅटिनमच्या सर्वांत घट्ट रचलेल्या पैलूवर, जिथे अणू दुकानातल्या संत्र्यांसारखे खेटून मांडलेले असतात, तोच प्रयोग केला. वर्षभराने क्रॉसली आणि किंग यांनी तिथेही जुळ्या भावांचं मिश्रण वापरलं आणि दाखवलं, की गर्दीबरोबर 2065 च्या आसपासून 2100 पर्यंत चढणारा आकडा जवळपास सगळा शेजाऱ्यांच्या साथीमुळेच चढतो. दरबानमध्ये जन्मलेले हे किंग पुढे 2000 ते 2007 या काळात ब्रिटिश सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार झाले आणि हवामानबदल हा दहशतवादापेक्षा मोठा धोका आहे असं म्हणून त्यांनी राजकारण्यांची झोप उडवली. या गोष्टीत मात्र ते प्लॅटिनमच्या एका तुकड्यापाशीच उभे आहेत.

1978 मध्ये बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत अ‍ॅलेक्स ब्रॅडशॉ आणि फ्रिडरिष होफमान यांनी पॅलेडियमच्या वेगवेगळ्या पैलूंवर मोजमाप केलं आणि आयशेन्सच्या एका रेघेच्या जागी पूर्ण पट्टी आखली. 2000 च्या वर माथा. 1880 ते 2000 दरम्यान पूल. त्याच्याही खाली तीन अणूंमधला खळगा, म्हणजे चुलीच्या तीन दगडांवर भांडं ठेवावं तसा बसलेला रेणू. या पट्टीने जगभरच्या लोकांनी आपले पट्टे मोजले. विद्युतरसायनवालेही यात आले. 1981 मध्ये फ्रेंच आणि ब्रिटिश संशोधकांनी मिथेनॉलच्या विद्युतघटात प्लॅटिनमला पांगळं करणारं विष कोणतं, यावर चाललेला वाद द्रवात बुडालेल्या इलेक्ट्रोडचा वर्णपट घेऊन जवळजवळ मिटवला. विष म्हणजे सरळ उभा कार्बन मोनॉक्साइडच होता.

निकेलच्याही तशाच घट्ट रचलेल्या पैलूवर अर्धा थर कार्बन मोनॉक्साइड बसवला की सुंदर नियमित नक्षी तयार होते, आणि कंपन 1900 च्या आसपास दिसतं. पट्टीवर बघितलं तर पूल. इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनातून मिळालेली नक्षीही पुलांशी जुळवता येत होती. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत पूल, व्याख्यानांत पूल. हा निकाल इतका पक्का मानला जाई, की नवं तंत्र तपासायचं असेल तर त्यावर तपासावं.

मग 1993 आणि 1994 मध्ये दोन वेगळ्या मोजमापांनी तो उलटला. त्यात प्रकाशकण एका अणूतून इलेक्ट्रॉन उडवतो. तो इलेक्ट्रॉन आजूबाजूच्या निकेल अणूंवर आपटून परततो आणि त्याच्या लाटांच्या बेरीज-वजाबाकीतून शेजारी किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला आहेत ते काढता येतं. इथे कुणाच्या कोशातून अर्थ उसना घ्यावा लागत नाही. अंतर थेट मोजलं जातं. उत्तर आलं की निकेलवर रेणू पुलावर नाहीतच. ते तीन दगडांच्या चुलीवर बसले आहेत, आणि अशा पैलूवर खळगे दोन प्रकारचे असतात, त्या दोन्हींत सारखे वाटून. 1994 च्या लेखाच्या शीर्षकातच लिहिलं होतं, की कंपन-वर्णपटांच्या अर्थावर याचा काय परिणाम होतो ते यात आहे. आणि लेखकांच्या यादीत वॉरिकचे फिल वुड्रफ यांच्याबरोबर ब्रॅडशॉ यांचंही नाव होतं. पट्टी ज्यांनी आखली, तिच्यातली खोट दाखवणाऱ्यांतही तेच होते. त्याच सुमाराला नायट्रिक ऑक्साइडबाबतही असंच निघालं. निकेलवर ज्याला पूल म्हटलं जाई, तोही खळगाच होता.

म्हणजे ब्लायहोल्डरचा इशारा तीस वर्षांनी खरा ठरला, पण त्याने दाखवलेल्या दिशेने नाही. खालचा आकडा दाखवणारा रेणू माथ्यावर निघाला नाही. पुलाचा आकडा दाखवणारा चुलीवर निघाला.

एवढं झाल्यावर कुणी म्हणालं असतं, की पट्टी फेकून द्या आणि गणकयंत्राला विचारा. तसं विचारलंही गेलं. 2001 मध्ये पीटर फाइबेलमान आणि अमेरिका, डेन्मार्क, जर्मनी इथल्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला, त्याच्या नावातच 'कोडं' हा शब्द होता. तेव्हाची सर्वांत भरवशाची क्वांटम गणितं प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड कुठे बसेल असं विचारलं तर एकमुखाने सांगत होती, चुलीवर, तीन अणूंच्या खळग्यात. वर्णपट मात्र सांगत होता, थोड्या गर्दीत तरी रेणू माथ्यावर ताठ उभा आहे. आणि इथे विवर्तनाचे प्रयोगही वर्णपटाच्याच बाजूने होते. या वेळी चूक गणिताची होती. ती गणितं रेणूची रिकामी कक्षा खरीपेक्षा खाली आणून ठेवतात. मग धातूची परतफेड फुगते आणि जिथे परतफेड तीन बाजूंनी मिळते तो खळगा उगाचच आवडता ठरतो. देवघेवीचं चित्र बरोबर, खतावणीतले आकडे चुकीचे. 2010 मध्ये व्हिएन्नाच्या गेओर्ग क्रेसे यांच्या गटाने इलेक्ट्रॉनांचा परस्परसंबंध अधिक काटेकोरपणे धरून हिशेब पुन्हा केला, आणि प्लॅटिनमवरचा रेणू एका अणूच्या माथ्यावर सरळ उभा निघाला. 1954 मध्ये बीकनच्या यंत्राने 2070 च्या आसपास पट्टा काढला, तेव्हा आयशेन्सनी त्याला हाच पत्ता दिला होता.